दुधाचे दात आणि उद्याच्या ताई

बहुतेक बालवाड्यांत अशी एखादी मुलगी असते. डबा उघडला की ती भाकरीचा मऊ मधला भाग खाते आणि कडा बाजूला ठेवते. शेंगदाणे शेजारच्या मैत्रिणीला देऊन टाकते. खिचडी एकाच गालात धरून बराच वेळ घोळवते. गाण्याच्या वेळी गालाला हात लावून गप्प बसते. घरचे म्हणतात, खाण्याचे नखरे आहेत. ताई वहीत लिहितात, लक्ष देत नाही. वजनाच्या दिवशी काटा मागच्याच आकड्यावर थांबतो. तिच्या तोंडात मात्र कोणी पाहिलेले नसते. पाहिले असते तर खालच्या दोन दाढा पोखरलेल्या दिसल्या असत्या आणि सगळ्या नखऱ्यांचा उलगडा झाला असता.

दात दुखतो हे मोठे माणूस सांगते. तीन-चार वर्षांच्या मुलाला ते नीट सांगता येत नाही. त्याला वाटते, तोंड असेच असते. म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी पाहणारे हवे. हे पाहणे ज्यांच्या हाती येणार आहे त्या, म्हणजे आज बालवाडी शिक्षिकेचा, पूर्वप्राथमिकचा किंवा अंगणवाडीचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुली, यांच्यासाठी या वेळचे आरोग्य पान आहे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी किंवा शेजारी अशी एखादी मुलगी असेलच.

ताईच का?

आपल्या देशात एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पूरक आहार आणि शाळापूर्व शिक्षणाबरोबर आरोग्य तपासणी, आरोग्य शिक्षण आणि गरज पडल्यास मुलाला पुढे दवाखान्यात पाठवणे हीसुद्धा अंगणवाडीची ठरवून दिलेली कामे आहेत. त्याच्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गरिबांच्या मुलांसाठी बालशिक्षण सुरू केले, तेव्हा अंगाची स्वच्छता हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता. म्हणजे मुलाच्या शरीराकडे लक्ष देणे हे आपल्याकडच्या बालवाडीचे जुने काम आहे.

शिवाय व्यवहार पाहा. आई सकाळी सहाला धुण्याभांड्याला किंवा मजुरीला निघते. वडील रात्री येतात. दंतवैद्य तालुक्याला असतो आणि दुखल्याशिवाय त्याच्याकडे कोणी जात नाही. तीन ते सहा या वयात मूल रोज काही तास ज्या एका शिकलेल्या बाईसमोर बसते, ती म्हणजे ताई. विहाराच्या सभागृहात, समाजमंदिरात किंवा भाड्याच्या एका खोलीत भरणारी बालवाडी असो, मुलाचे तोंड रोज उजेडात उघडताना तीच पाहते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सांगितला आहे. प्रशिक्षण वाढते आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण दातांचा विषय प्रशिक्षणाच्या वहीत बहुधा 'वैयक्तिक स्वच्छता' या मथळ्याखाली एका ओळीत संपतो: सकाळी व रात्री दात घासावेत. ही ओळ खरी आहे, पण तेवढ्यावर काम भागत नाही. कोणत्या वयात कोणी घासायचे, पेस्ट किती घ्यायची, कीड सुरू होताना कशी दिसते, दात पडला तर काय करायचे, हे त्या ओळीत नाही. आणि जे वहीत नसते ते घरातल्या समजुतींनी भरून निघते. ताईसुद्धा अशाच घरांतून आलेली असते.

'पडणारच आहेत ना ते?'

सर्वांत घट्ट बसलेली समजूत ही. दुधाचे दात पडणारच, मग त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

हिशेब करून पाहू. दुधाचा पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पूर्ण होतात. पुढचे पटाशीचे दात सहा-सातव्या वर्षी पडू लागतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले असते. पण दुधाच्या दाढा इतक्या लवकर पडत नाहीत. त्यातल्या मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेने मुलाला आणखी सहा-सात वर्षे जेवायचे असते. ती दाढ दुखत असेल तर मूल भाकरी सोडून चहात बुडवलेल्या बिस्किटावर जगू लागते, आणि कीड आणखी वाढते.

दुसरी गोष्ट, दुधाचा दात खाली येणाऱ्या कायमच्या दातासाठी जागा राखून ठेवतो. तो वेळेआधी काढावा लागला तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचा दात वाकडा येतो किंवा अडकून बसतो. तिसरी गोष्ट, दुधाच्या दाताच्या मुळाखालीच कायमच्या दाताचा अंकुर असतो. वरच्या दातात पू झाला आणि तो बराच काळ राहिला, तर त्या अंकुरालाही इजा पोहोचू शकते.

आणखी एक बाब अनेक शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडलेला नसतो, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात. ती कायमची दाढ असते आणि तिच्यानंतर तिथे दुसरी येणार नसते. ती किडली तर 'पडेल आणि नवीन येईल' म्हणून वाट पाहिली जाते आणि दाढ कायमची जाते. मोठ्या गटातल्या प्रत्येक पालकाला ताईंनी हे सांगितलेच पाहिजे.

कीड म्हणजे किडा नव्हे

आपल्या भाषेत 'दाताला कीड लागली' म्हणतात, त्यामुळे आत खरोखर किडा आहे असे वाटते. अजूनही काही ठिकाणी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'किडे पाडून' दाखवतात. दातात असा किडा कधीच नसतो.

घडते ते असे. प्रत्येकाच्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. दातावर जमणाऱ्या चिकट थरात ते राहतात. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्ले की हे जंतू त्यातून आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताच्या वरच्या टणक कवचातला चुना विरघळवते. खाणे थांबले की लाळ हळूहळू ते आम्ल निवळते आणि चुना परत भरून काढते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. दुधाच्या दातांचे कवच कायमच्या दातांपेक्षा पातळ असते, त्यामुळे तिथे भोक लवकर पडते.

यातून महत्त्वाची गोष्ट निघते. गोड किती खाल्ले याइतकेच ते दिवसातून किती वेळा खाल्ले हेही पाहावे लागते. सकाळी सातला गोड चहा, नऊला बिस्किटे, अकराला पाच रुपयांचे पाकीट, एकला जेवण, तीनला गोळी, पाचला पुन्हा चहा, झोपताना साखर घातलेले दूध. अशा दिवशी लाळेला दुरुस्तीची उसंतच मिळत नाही. तेच गोड जेवणाबरोबर एकदाच दिले तर नुकसान पुष्कळ कमी होते. गूळ, मध आणि खडीसाखर यांनाही हाच नियम लागू आहे. चोखणीला मध लावून देणे दातांना फार वाईट. खोकल्याच्या गोड औषधानंतरही पाणी पाजावे.

रात्रीची बाटली हे सर्वांत मोठे कारण. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणे थांबते आणि साखरेचे दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते. म्हणून लहान मुलांची कीड बहुधा वरच्या चार पुढच्या दातांवर आधी दिसते. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असतात, ते बचावतात. आईच्या दुधाबद्दल गैरसमज नको. ते दोन वर्षे आणि पुढेही पाजावे. फक्त दात आल्यावर रोज साफ करावेत आणि वर्षानंतर रात्रभर स्तन तोंडात ठेवून झोपण्याची सवय हळूहळू सोडवावी.

ब्रश, पेस्ट आणि मिश्री

पहिला दात दिसला त्या दिवसापासून दात साफ करायचे. मऊ, लहान ब्रश पुरे. मूल तीन वर्षांचे होईपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दिसणारी पेस्ट मुलांसाठी नाही. पेस्ट फ्लोराईडची असावी, कारण फ्लोराईड दाताचे कवच मजबूत करते. नळीवर फ्लोराईडचे प्रमाण छापलेले असते. ते सुमारे १००० पीपीएम असावे. फळांच्या चवीच्या, रंगीत, 'मुलांच्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते फार कमी असते किंवा नसतेच, म्हणून वाचून घ्यावे. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पण खळखळून चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर फ्लोराईड वाहून जाते.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी आणि बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे. तिथे मुलांच्या कायमच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग येतात. तो कीड नसलेला वेगळा आजार आहे. अशा गावातल्या ताईंनी पाण्याची तपासणी झाली आहे का ते विचारावे आणि पेस्टबद्दल दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

ब्रश कोणाच्या हातात? मुलाला स्वतः घासायला आवडते, घासू द्यावे. पण सात-आठ वर्षांपर्यंत त्याची बोटे मागच्या दाढेपर्यंत नीट फिरत नाहीत. म्हणून त्याच्यानंतर मोठ्या माणसाने एकदा घासून द्यायचेच. दोन वेळांपैकी एकच जमत असेल तर रात्रीची वेळ सोडू नये.

राखुंडी, विटेची पूड आणि खरखरीत मंजन कवच घासून काढतात. मिश्रीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्यावर मिश्री भाजणे चालूच आहे. आजी मिश्री लावताना नातवाच्या हिरडीवरही बोट फिरवते, दुखत्या दाढेत चिमूट भरते. त्यातून त्या वयात तंबाखूची ओळख होते. दुखत्या दातात मिश्री किंवा तंबाखू कधीही भरू नये.

ओठ वर करून पाहा

ताईंनी दंतवैद्य व्हायचे नाही. फक्त पाहायचे आहे. महिन्यातून एकदा, वजन घेण्याच्या दिवशी, मुलाला उजेडाकडे तोंड करून उभे करावे. हात धुऊन त्याचा वरचा ओठ अलगद उचलावा, मग त्याला 'आ' करायला सांगावे. एका मुलाला अर्धा मिनिट पुरतो.

हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण आहे. अजून भोक पडलेले नाही. इथे रात्रीची बाटली सुटली, फ्लोराईड पेस्ट सुरू झाली तर कीड थांबू शकते. पिवळे-तपकिरी डाग, खड्डा किंवा तुटलेली कड दिसली तर दंतवैद्याकडे पाठवावे. हिरडीवर पुटकुळी किंवा पू दिसला तर त्याच आठवड्यात. गालावर सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे, घरगुती उपाय करत बसायचे नाही.

पाठवायचे कोठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचे फिरते आरोग्य पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करते, आणि तपासायच्या आजारांत दातकीड आहे. पुढचे उपचार सरकारी व्यवस्थेत मोफत मिळायला हवेत. पथक आले की ताईंनी आपली यादी पुढे ठेवावी: या पाच मुलांच्या तोंडात मला हे दिसले. यादी असेल तर गर्दीतही त्या पाच मुलांची तपासणी नीट होते. यादी नसेल तर 'सगळे ठीक' लिहून पथक पुढच्या गावाला जाते.

पडला, लागला तर

बालवाडीत मुले पडतात आणि पुढचा दात हलतो किंवा निखळतो. दुधाचा निखळलेला दात परत खाचेत बसवू नये, खालच्या अंकुराला इजा होते. स्वच्छ फडका दाबून रक्त थांबवावे, दात सापडला तर डॉक्टरांना दाखवण्यासाठी ठेवावा. दात सापडत नसेल आणि मूल खोकत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर ताबडतोब रुग्णालय. उलटी झाली किंवा मूल सुस्तावले तर डोक्याला मार लागल्याचे समजून लगेच न्यावे.

सहा-सात वर्षांच्या मुलाचा कायमचा दात निखळला तर नियम उलटा. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, घासू नये. परत खाचेत बसवता आला तर उत्तम, नाहीतर थंड दुधाच्या पेल्यात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. असा दात वाचू शकतो. हा एवढा परिच्छेद प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लागायला हवा.

आईशी कसे बोलायचे

माहिती असून उपयोग नाही, ती पोहोचली पाहिजे. 'तुम्ही लक्ष देत नाही' असे म्हटले की आई दुसऱ्या दिवसापासून ताईंना टाळते. असे बोलून पाहावे:

"वहिनी, आज बाळाचा ओठ उचलून पाहिला. पुढच्या दातांवर पांढरी रेघ आहे. अजून भोक पडलेले नाही, म्हणजे आपण वेळेत आहोत. रात्री काय पाजता हो त्याला?"

"बाटलीशिवाय झोपतच नाही तो, ताई. मला पहाटे उठून कामाला जायचं असतं. रात्रभर रडायला लागला तर काय करू?"

"खरं आहे तुमचं. मग एकदम बंद नको. आधी साखर कमी करत जा. मग दुधात पाणी वाढवा. पंधरा दिवसांनी नुसतं पाणी द्या, तो स्वतःच सोडेल. आणि झोपण्याआधी हा एवढा दाणाभर पेस्टचा ब्रश फिरवा. मी पुढच्या महिन्यात पुन्हा बघते."

यात दोष नाही, धमकी नाही. एक काम दिले आहे आणि परत बघायचा शब्द दिला आहे. मुलांशीही असेच. काळ्या दातांवरून कोणाला हिणवू देऊ नये. दंतवैद्य कधीकधी कीड थांबवण्यासाठी एक औषध लावतात, त्याने तो भाग काळा पडतो. ते औषध लावल्याची खूण असते, घाणेरडेपणाची नव्हे.

प्रशिक्षणात काय हवे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ५१ कोटी मुलांच्या दुधाच्या दातांना कीड आहे. एवढ्या मुलांसाठी दंतवैद्य पुरणार नाहीत. म्हणून बालशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात निदान दोन तास या विषयाला द्यावेत, तेही फळ्यावर नव्हे, हाताने. विद्यार्थिनींनी एकमेकींचा ओठ उचलून पाहावा, तांदळाएवढी आणि वाटाण्याएवढी पेस्ट ब्रशवर घेऊन दाखवावी, आईशी बोलण्याचा सराव करावा. तालुक्याच्या दंतवैद्याला एक दिवस बोलवावे. असे वर्ग घेणाऱ्या संस्था आणि मंडळे आपल्या ओळखीत असतील तर हा विषय त्यांच्याकडे आपणच मांडावा.

तोपर्यंत, अभ्यासक्रम करणाऱ्या प्रत्येक मुलीने स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. दुधाची शेवटची दाढ कधी पडते? सहाव्या वर्षी येणारी दाढ कोणती? चार वर्षांच्या मुलाला पेस्ट किती? किडीची पहिली खूण कोणत्या रंगाची? दुधाचा दात निखळला तर काय करायचे नाही? पाचही उत्तरे या पानावर आहेत. तीन चुकली तर पान पुन्हा वाचावे, आणि जमले तर आजच घरातल्या लहान मुलाचा ओठ अलगद उचलून पाहावा.